पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो?
‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो’ हा मेसेज दर काही महिन्यांनी ग्रुपवर उगवतोच, भिंतीच्या फटीतल्या पिंपळासारखा! पण ऑक्सिजन तयार होतो तो प्रकाशसंश्लेषणात, पाण्याचा रेणू फुटून. आणि त्याला उजेड लागतो. अंधार पडला की पिंपळही आपल्यासारखाच नुसतं श्वसन करतो: ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. निवडुंग, अननस अशा काही वनस्पती रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात; गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. ऑक्सिजन मात्र त्याही दिवसाच सोडतात.

आणि ‘रात्री झाडाखाली झोपलात तर गुदमराल’ हेही खोटंच. हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के. उघड्यावर एका झाडाच्या श्वासाने काय फरक पडणार? पारावर खुशाल झोपा, डास तेवढे सांभाळा.