गांधीहत्या: सिद्ध झालेला कट आणि चौथ्या गोळीची कहाणी

गांधीहत्येमागे कट होता असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे तुम्हीही चौथ्या गोळीवाले का?’ म्हणजे नथुरामच्या तीन गोळ्यांखेरीज चौथी गोळी दुसऱ्याच कुणी झाडली असं मानणारे. नाही. कट न्यायालयात सिद्ध झालाय, चौथी गोळी नाही. दोन्ही एकाच पोत्यात भरल्या जातात, एवढंच.

आधी खरा कट बघा. कल्पनेतले कटवाले शोभणार नाहीत इतका तो गबाळा होता. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसच्या भिंतीपाशी मदनलाल पाहवाने स्फोट घडवला. त्या गोंधळात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे याने गांधीजींच्या पाठीमागच्या खोलीतून हल्ला करायचा, असं ठरलं होतं. ऐन वेळी त्या खोलीत शिरायला तो कचरला. मदनलाल जागीच पकडला गेला, बाकीचे पळाले. त्याने आधीच मुंबईतल्या प्रा. जगदीशचंद्र जैन यांच्याकडे बेताची वाच्यता केलेली होती, आणि स्फोटाची बातमी वाचून जैन यांनी ती मुंबईचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातली. तरीही कटातले नथुराम गोडसे आणि नारायण आपटे मोकळेच फिरत राहिले. हत्येचं पिस्तूल तर जेमतेम दोन दिवस आधी ग्वाल्हेरला हाती आलं.

पुढे बडगे माफीचा साक्षीदार झाला आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यात सरकारतर्फे १४९ साक्षीदार तपासले गेले. १० फेब्रुवारी १९४९ ला न्या. आत्माचरण यांनी निकाल दिला. बडग्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही म्हणून सावरकर निर्दोष सुटले, अपिलात आणखी दोघे सुटले. सिद्ध झालेल्या कटाची ही खूण मला महत्त्वाची वाटते: त्याला कडा असतात. कोण आत, कोण बाहेर, कशावरून, हे सांगावं लागतं आणि पुरावा कमी पडला तर माणूस सोडावा लागतो.

चौथ्या गोळीच्या कहाणीला अशी कड नसते. गोळ्या तीन नव्हे चार होत्या, चौथी दुसऱ्याच कुणाची, त्यामागे परदेशी गुप्तहेर, अशी ही मांडणी. तिला आधार म्हणजे तेव्हाच्या काही वृत्तपत्रांतला चार गोळ्यांचा उल्लेख. घाईगर्दीत लिहिलेल्या बातम्यांत आकडे चुकतात, हे पत्रकारितेत चार दिवस काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. फेरतपासाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये फेटाळली. पण कहाणी मानणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. कागद नाही? जाळला असणार. न्यायालय नाही म्हणालं? तेही सामील. विरोधातला प्रत्येक पुरावा तिच्याच पदरात पडतो.

मग शहाणीसुरती माणसंही विश्वास का ठेवतात? एक कारण सरळ आहे: एवढा मोठा माणूस पुण्यातल्या एका छोट्या वृत्तपत्राच्या संपादकाने मारावा, हे मनाला पटत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचंही तेच. त्यांचा मारेकरी ऑस्वाल्ड फारच किरकोळ वाटतो, त्यातून दोनच दिवसांत जॅक रूबी नावाच्या नाइटक्लबवाल्याने त्याला पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळी घातली. बहुसंख्य अमेरिकनांना ऑस्वाल्ड एकटा होता हे आजही पटलेलं नाही.

पण गांधीहत्येपुरतं मला दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं. स्फोट झाला, माणूस सापडला, मंत्र्यांपर्यंत खबर पोचली आणि हातात दहा दिवस होते, तरी हत्या टळली नाही. तेव्हाच्या पोलिसांनी किती ढिलाई केली, हे १९६६ मध्ये नेमलेल्या कपूर आयोगाने पुढे सविस्तर नोंदवलं. इतका हलगर्जीपणा ‘नुसता हलगर्जीपणा’ असू शकतो, हे मानायला लोक तयार नसतात. मुद्दाम होऊ दिलं म्हटलं की निदान कुणीतरी सगळं चालवत होतं असं वाटतं. मुद्दाम झालं का, हा प्रश्न विचारायला हरकत नाहीच. कुणी, कोणत्या दिवशी, कोणता निरोप दाबला, हे नाव-तारखेसकट कुणी मांडलं तर ते तपासता येईल. चौथ्या गोळीवाल्यांशी बोलताना मी इथेच अडून बसतो, आणि गप्पा बहुधा इथेच विषय बदलतात.