थिंड, भगतसिंग

(३ ऑक्टोबर १८९२–१५ सप्टेंबर १९६७). पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झालेले पंजाबी शीख स्थलांतरित आणि पुढे अध्यात्मविषयक व्याख्याते. नागरिकत्वासाठी त्यांनी दिलेल्या लढ्यातून उभा राहिलेला १९२३ चा खटला अमेरिकेतील भारतीयांच्या इतिहासात सर्वांत दूरगामी ठरला. नामसाम्य असले तरी क्रांतिकारक भगतसिंग वेगळे.

अमृतसर परिसरातील तारागढ तलावा हे त्यांचे गाव. अमृतसरच्या खालसा कॉलेजात शिकून ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. त्या काळी तिकडे गेलेल्या बहुतेक पंजाब्यांप्रमाणे त्यांनीही पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकूड गिरणीत अंगमेहनत केली; बर्कलीच्या विद्यापीठात शिक्षणही घेतले.

२२ जुलै १९१८ रोजी ते सैन्यात भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातील कँप लुईस येथे प्रशिक्षण घेताना त्यांनी पगडी उतरवली नाही. अमेरिकी सैन्यात पगडीसह सेवा करणारे पहिले शीख म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. नोव्हेंबरमध्ये त्यांना हंगामी सार्जंटचा हुद्दा मिळाला, पण काही दिवसांतच युद्ध थांबले आणि आघाडीवर जाण्याची वेळ आली नाही. १६ डिसेंबरला ते सन्मानाने सेवामुक्त झाले. कागदावर वर्तणुकीचा शेरा ‘उत्कृष्ट’ असा होता.

याच महिन्यात त्यांच्या आयुष्यातली मोठी विसंगती घडून गेली. ९ डिसेंबर १९१८ रोजी लष्करी गणवेशातच त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांनी ते रद्दही झाले. कारण १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा अधिकार ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना दिला होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई बाहेरच राहिले. थिंड यांनी शेजारच्या ऑरेगन राज्यात पुन्हा अर्ज केला. ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या गदर चळवळीतील लोकांशी असलेल्या ओळखीवर बोट ठेवून सरकारी अधिकाऱ्याने विरोध केला, तरीही न्यायाधीश वुल्व्हर्टन यांनी १९२० मध्ये नागरिकत्व मंजूर केले. सरकार अपिलात गेले.

सर्वोच्च न्यायालयात थिंड यांच्या बाजूने वकील सखाराम गणेश पंडित उभे होते. त्यांच्या मांडणीचा आधार तेव्हाचे वंशशास्त्र होते : उत्तर भारतातील उच्चवर्णीय हे आर्य, म्हणून कॉकेशियन (त्या शास्त्राने युरोपीयांना ज्या वंशगटात घातले तो गट), म्हणून गोरे. जातीबाहेर विवाह होत नसल्याने रक्त शुद्ध राहिले, असाही दावा करण्यात आला. ही मांडणी आज वाचताना अस्वस्थ करते. वंशभेदाची शिडी चूक आहे असे तिने म्हटले नाही. जातिभेदाचा दाखला देऊन तिच्यावरची वरची पायरी मागितली.

अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, जपानी अर्जदार ताकाओ ओझावा यांना नाकारताना याच न्यायालयाने ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ असे सांगितले होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी मात्र त्याच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताच्या निकालात, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा अर्थ लावला. अर्जदाराने सैन्यात सेवा केली आहे, या गोष्टीला निकालात काहीच वजन मिळाले नाही.

झळ एकट्या थिंड यांना बसली नाही. आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र परकीयांना शेतजमीन घेता येत नसे. तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांना तो कायदा आता लागू झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी नागरिकत्व गेल्यानंतर, १९२८ मध्ये आत्महत्या केली. वकील पंडित यांच्यावरही कारवाई झाली, पण आपला खटला लढवून त्यांनी नागरिकत्व टिकवले.

१९३५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांना, वंशामुळे अपात्र ठरलेले असले तरी, नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. त्या आधारे १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिंड तिसऱ्यांदा आणि कायमचे नागरिक झाले. न्यायालयाने बाजूला ठेवलेली सैनिकी सेवाच अखेर कामी आली. इतर भारतीयांना हा हक्क १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने मिळाला. त्याच कायद्याने भारतातून वर्षाला १०० स्थलांतरितांचा कोटा ठरवला.

या सर्व काळात आणि नंतरही थिंड अमेरिकाभर फिरून व्याख्याने देत राहिले. शीख गुरूंच्या शिकवणीबरोबरच इमर्सन, व्हिटमन आणि थोरो या अमेरिकी लेखकांचे दाखले त्यांच्या बोलण्यात येत. १९४० मध्ये त्यांनी व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी विवाह केला.