शॉर्टकटवाला पेनड्राइव्ह ते ‘पीएम किसान’ची एपीके

यवतमाळ-वाशिमकडच्या गावांत पीकविम्याच्या दिवसांत एकच पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून सेतू केंद्रात फिरतो. फोल्डरांचे शॉर्टकट झाले की ‘व्हायरस लागला’. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान यादी’ म्हणून आलेली एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) उघडून खातं रिकामं झालं, तरी व्हायरसच. दोन्हींचं कूळ वेगळं, इलाजही वेगळा.

व्हायरसला दुसऱ्याचं अंग लागतं. लाहोरच्या दोन भावांचा ‘ब्रेन’ (1986) फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा. 2 नोव्हेंबर 1988 ला सुटलेला मॉरिस वर्म मात्र नेटवर्कवरून आपला आपण पसरला. एकेका संगणकावर त्याच्या इतक्या प्रती चालू झाल्या की यंत्रं ठप्प पडली.

पेनड्राइव्हची पीडा वर्मच्याच घराण्यातली. आधी विंडोजच्या ऑटोरनवर (पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची सोय) तिचं भागायचं; 2008 च्या कॉन्फिकर वर्मनेही ती वाट वापरली. मायक्रोसॉफ्टने ती बंद केली. शॉर्टकटवाल्या वर्मला तिची गरजच नाही: खरे फोल्डर लपवायचे, त्याच नावाचे शॉर्टकट मांडायचे, क्लिक माणूसच करतो. फाइली बहुधा शाबूत असतात, त्यामुळे घाईने फॉरमॅट मारून सातबाऱ्याचे स्कॅन घालवू नयेत. आधी अँटिव्हायरसने संगणक साफ करावा, मग विंडोजच्या अ‍ॅट्रिब (attrib) कमांडने फोल्डरांवरचे हिडन आणि सिस्टम हे दोन्ही शिक्के काढावेत. सिस्टमचा राहिला, तर ‘हिडन आयटम्स’वर टिक करूनही काही दिसत नाही.

खंडणीखोरीही जुनीच. डिसेंबर 1989 मध्ये एड्सची माहिती म्हणून सुमारे 20,000 फ्लॉप्या टपालाने गेल्या. संगणक साधारण 90 वेळा सुरू झाला की आतला ट्रोजन (कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेतलेला घातकी प्रोग्रॅम) फाइलींची नावं बिघडवून 189 डॉलर मागायचा. मजकूर जागेवर असल्याने त्यावर तोड निघाली. मे 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर वर्मने मजकूरच कुलूपबंद केला. त्याला अडवणारा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच आला होता! अशा वेळी पहिलं काम लॅनची वायर उपटणं. बॅकअपची डिस्क लावलेलीच असेल, तर तीही जाते.

एपीके हाही ट्रोजनच. यादी दाखवायला एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे, आणि फोन मात्र ठणठणीत. नुसता डेटा बंद करून भागत नाही, कारण काही अ‍ॅप साध्या एसएमएसनेही ओटीपी पुढे ढकलतात. एअरप्लेन मोड लावून दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावं. अ‍ॅप निघत नसेल, तर सेटिंग्जमध्ये आधी त्याचा डिव्हाइस अ‍ॅडमिनचा (फोनवर ताबा ठेवण्याचा) अधिकार काढावा. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदलावेत.