सदाफुलीचं औषध आणि पायाच्या मुंग्या

खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ असल्यामुळे नवी मुंबईतल्या पुष्कळ घरांना केमोची भाषा सवयीची झाली आहे. त्यातला एक नेहमीचा प्रश्न व्हिंक्रिस्टिन या केमोच्या औषधाबद्दलचा: रोग रक्ताचा, इंजेक्शन हातात, मग मुंग्या पायाच्या बोटांना का?

हे औषध अंगणातल्या सदाफुलीतून मिळतं. अमेरिकेत त्याला १९६३ साली परवानगी मिळाली. ते पेशीतल्या सूक्ष्मनलिका बांधू देत नाही, म्हणून कर्करोगाच्या पेशीचं विभाजन अडतं. चेतापेशी विभागत नाहीतच, पण याच नलिका त्यांच्यात रुळांसारख्या अंथरलेल्या असतात. कंबरेजवळच्या पेशीपिंडापासून, म्हणजे चेतापेशीच्या मुख्य भागापासून, पायाच्या बोटापर्यंत जवळजवळ मीटरभर रूळ, आणि तंतूला लागणारा प्रथिनं वगैरे बहुतेक माल तयार होतो तो पेशीपिंडात.

हा माल सरकतो हे पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८ मध्ये दाखवलं: नस आवळली तर आवळलेल्या जागेच्या वरच्या बाजूला ती फुगते. त्यांनी मोजलेला वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. काही माल दिवसाला शेकडो मिलिमीटर धावतो, हे नंतर कळलं. पण ओढतं कोण? स्नायूतलं ओढणारं प्रथिन, मायोसिन, १८६४ पासून माहीत होतं, रोमकांतलं (पेशीवरच्या हलत्या सूक्ष्म केसांतलं) तसंच प्रथिन, डायनिन, इयन गिबन्स यांना १९६३ मध्ये सापडलं होतं. चेतातंतूचं कोडं तरीही सुटेना.

सुटलं ते माकूळामुळे. माकूळाचा चेतातंतू इतका जाड असतो की त्यातला रस दाबून बाहेर काढता येतो. कॅलिफोर्नियात १९८३ साली एल निनोमुळे माकूळच मिळेना, म्हणून रॉन वेल आणि मायकेल शीट्झ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वूड्स होलला गेले. तिथे थॉमस रीझ यांच्यासोबत १९८५ मध्ये त्यांनी माल ओढणारं प्रथिन, कायनेसिन, वेगळं केलं. ते एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूपैकी एकाच्या बळावर ८ नॅनोमीटरचं एक पाऊल टाकतं. मीटरभर जायला सुमारे १२.५ कोटी पावलं! कायनेसिनची गाडी ‘डाऊन’, बोटांकडे. ‘अप’ची, पेशीपिंडाकडे परतणारी, डायनिनची. एकटं डायनिन तसं अशक्तच, पण अनेक मिळून जड ओझं कसं ओढतात, हे कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या रूप मलिक यांच्या गटाने २०१३ मध्ये उलगडून दाखवलं.

व्हिंक्रिस्टिन यातल्या एकाही इंजिनाला हात लावत नाही, ते रूळच उखडतं. सर्वांत लांबचे तंतू आधी उपाशी पडतात, म्हणून बोटं आधी बधिर होतात. म्हणूनच डॉक्टर हातोडीने हलकेच ठोकून पायाची प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात आणि बहुतेक वेळा एका डोसची मात्रा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.