हवाई मुळे (घरातील झाडांची)

खोडाच्या पेरावर फुटून जमिनीबाहेर, हवेत वाढणारी मुळे. ती बीजातल्या आदिमुळापासून न निघता खोडातून निघतात, म्हणून वनस्पतिशास्त्रात त्यांची गणना आगंतुक मुळांत होते. नाशिककरांना त्यांचे रोजचे रूप म्हणजे वडाच्या पारंब्या. पंचवटी हे नावच पाच वडांवरून पडले असे मानतात. घरात ती मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, सिंगोनियम आणि ऑर्किड, म्हणजे आमरी, यांवर दिसतात.

कुंडीबाहेर तपकिरी दोऱ्या लोंबू लागल्या की झाडाला काहीतरी झाले असे वाटून अनेक जण कात्री घेतात. बहुतेक वेळा ही घाई असते. मॉन्स्टेरा हा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या दमट जंगलांतला वेल, तर मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटावरचा. दोघेही मोठ्या झाडांच्या आधाराने उजेडाकडे चढतात. त्यांची काही मुळे आखूड असतात आणि सालीला घट्ट धरतात. काही लांब वाढत खाली येतात, माती गाठतात आणि तिथून पाणी व अन्नद्रव्ये घेतात. आधार मिळालेल्या वेलाची पाने मोठी होत जातात. गॅलरीत खाली सोडलेल्या मनीप्लांटची मात्र लहानच राहतात. अंगणातल्या आंब्यावर चढलेला मनीप्लांट ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळा पुरावा नको.

नाशिकच्या हवेत ही मुळे ऋतूप्रमाणे वागतात. पावसाळ्यात, किंवा उन्हाळ्यात कूलरच्या ओलाव्यात, पेरापेरावर नवी टोके फुटतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तीच टोके वाळून थांबतात. द्राक्षबागेतही पाऊस लांबला आणि वाफ्यात पाणी साचले की ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, पांढऱ्या मुळ्या दिसतात, पण तिथे ती जमिनीतली मुळी गुदमरल्याची खूण असू शकते. खूण सारखीच, अर्थ वेगळा. म्हणून मूळ कुठल्या झाडाचे आहे हे आधी पाहावे.

चढणाऱ्या वेलासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे आधार: मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ गुंडाळलेली काठी, किंवा काथ्या गुंडाळलेली काठी. ती कुंडीत खोल रोवून पेरे तिला सैल बांधावीत. काठी ओली राहिली तरच मुळे तिला धरतात. उन्हाळ्यात ती रोज भिजवावी लागते, आणि हेच सर्वाधिक विसरले जाते. काठी नको असेल तर लवचीक मुळे वळवून कुंडीच्या मातीत सोडावीत. वाळकी किंवा अडचणीची मुळे स्वच्छ पात्याने कापली तरी निरोगी झाडाला धोका नसतो. या वेलांच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्याने त्वचेला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत आणि कापलेले तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. भिंतीला चिकटलेली मुळे ओढली की रंगाचे पापुद्रे निघतात. त्यामुळे वेल सुरुवातीलाच भिंतीपासून दूर वळवलेला बरा. छाटलेल्या फांदीला हवाई मूळ असलेले एक पेर असेल तर ती पाण्यात लवकर रुजते.

आमरीचे गणित निराळे. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या झाडांवर वाढणाऱ्या आमरींप्रमाणे घरातल्या बहुतेक ऑर्किडची मुळेही हवेत राहण्यासाठीच घडलेली असतात. त्यांच्यावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पडलेले पाणी झटकन शोषते. कोरडे असताना मूळ रुपेरी दिसते, भिजले की आतले हरितद्रव्य दिसून हिरवे. हा रंगच पाणी देण्याची वेळ सांगतो. अशी मुळे मातीत पुरली तर कुजतात. टणक असतील तर त्यांना हात लावू नये. दाबल्यावर मऊ लागणारी, पोकळ झालेली तेवढीच कापावीत.

जेडसारख्या मांसल झाडांच्या खोडावर गुलाबी किंवा पांढरे केसासारखे धागे आले, तर मात्र बोटाने कुंडीची माती तपासावी. ती बराच काळ कोरडी तरी असते, नाहीतर खालची मुळे पाण्याने कुजलेली असतात. दुसऱ्या स्थितीत वरची निरोगी फांदी कापून, दोन-तीन दिवस सावलीत सुकवून, वाळू मिसळलेल्या नव्या मातीत लावावी.