डेबिट कार्डावरून चुकून कापलेले पैसे: परताव्याच्या नियमांची पार्श्वभूमी

डेबिट कार्डावरून चुकीने पैसे कापले गेले की ग्राहक बँकेत जातो आणि एकच प्रश्न विचारतो: माझे पैसे कधी मिळणार? काउंटरवरून येणारं उत्तर मात्र ती चूक कोणत्या प्रकारात मोडते यावर ठरतं. हे प्रकार एका दिवसात पडलेले नाहीत. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत रिझर्व्ह बँकेची एकामागोमाग एक परिपत्रकं निघत गेली आणि प्रत्येकानं त्या त्या वेळी डोकं वर काढलेल्या तक्रारींपुरतं उत्तर दिलं. मधे एक जागा रिकामी राहिली. ती कशी राहिली, हे समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

भारतातलं पहिलं एटीएम 1987 मध्ये मुंबईत एका परदेशी बँकेनं बसवलं. त्यानंतर बरीच वर्षं ज्याचं कार्ड त्याचंच मशीन असा मामला होता. नोटा अडकल्या तर मशीन, त्यातली रोकड आणि ग्राहकाचं खातं हे तिन्ही एकाच बँकेचं असे, त्यामुळे रोकड मोजली की जास्तीची रक्कम कोणाची ते सापडे. 1997 मध्ये मुंबईत काही बँकांनी मशीनं सामायिक केली, 2004 मध्ये देशव्यापी जाळं उभं राहिलं आणि 1 एप्रिल 2009 पासून दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढणं फुकट झालं. लोक समोर दिसेल त्या मशीनवर जाऊ लागले आणि वादात दोन बँका आल्या.

मशीनपुढे काय होतं ते बारकाईनं पाहायला हवं. ग्राहक पिन टाकतो, मशीन त्याच्या बँकेकडे विचारणा पाठवतं, बँक खात्यातून रक्कम वजा करते आणि होकार कळवते. नोटा मोजण्याचं काम त्यानंतर सुरू होतं. त्या क्षणी वीज गेली, नोट फसली किंवा लाइन तुटली, तर 'पैसे दिले नाहीत, वजावट रद्द करा' हा उलटा संदेश निघायला हवा. तो पोचला नाही की खात्यात पैसे कमी आणि मशीनमध्ये रोकड जास्त. मशीनच्या पोटात प्रत्येक हालचालीची नोंद होते, तिला बँकेतले लोक ईजे म्हणतात, इलेक्ट्रॉनिक जर्नल. ही नोंद मशीनवाल्या बँकेकडे आणि ग्राहकाचं खातं दुसरीकडे. ग्राहक आपल्या शाखेत जाई, शाखा म्हणे मशीन आमचं नाही. ज्याचं मशीन त्या बँकेत जावं, तर तिथले लोक म्हणत तुमचं खातं इथं नाही. या टोलवाटोलवीत अनेकांनी पैशांवर पाणी सोडलं, आणि त्यात पेन्शनवर जगणारी माणसं होती हे विसरता कामा नये.

17 जुलै 2009 च्या परिपत्रकानं पहिल्यांदा मुदतीला दंड जोडला. तक्रार मिळाल्यापासून 12 कामकाजाच्या दिवसांत पैसे परत करायचे, नाहीतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं न मागता. मे 2011 मध्ये ही मुदत 7 कामकाजाच्या दिवसांवर आली आणि 1 जुलै 2011 पासून लागू झाली. मात्र एक अट जोडली गेली: व्यवहारापासून 30 दिवसांच्या आत तक्रार केली असेल तरच भरपाईचा हक्क. त्याच सुमारास कार्डावरच्या प्रत्येक व्यवहाराचा, रक्कम कितीही असो, एसएमएस पाठवणं बँकांना बंधनकारक झालं. माझ्या मते ग्राहकाच्या हातात आलेलं पहिलं खरं हत्यार हा एसएमएसच. त्याआधी पासबुक भरून आणल्याशिवाय पैसे कापले गेल्याचं कळतच नसे.

एक छोटी गोष्ट इथंच सांगण्यासारखी आहे. पूर्वी नोटा बाहेर येऊन कोणी उचलल्या नाहीत तर मशीन त्या परत आत ओढून घेई आणि खात्यात रक्कम जमा होई. काही भामटे गठ्ठ्यातल्या मधल्या नोटा अलगद काढून उरलेल्या तशाच ठेवत. मशीन आत आलेल्या नोटा मोजत नसे, त्यामुळे पूर्ण रक्कम परत जमा व्हायची. 2012 च्या सुमारास ही सोय काढण्याची मुभा बँकांना मिळाली. त्याचा फटका भोळ्या ग्राहकाला बसला: नोटा यायला उशीर झाला म्हणून तो निघून गेला, तर त्या मागून येणाऱ्याच्या हाती लागू लागल्या. ईजेमध्ये मात्र व्यवहार यशस्वी दिसतो.

2011 नंतर आठ वर्षं हीच चौकट चालली. 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक, जे 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालं, त्यानं दोन मोठे बदल केले. घड्याळ आता तक्रारीपासून नव्हे, तर व्यवहाराच्या दिवसापासून सुरू होतं, आणि दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे, कामकाजाचे नव्हेत. एटीएममध्ये अडकलेले पैसे व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप खात्यात यायला हवेत. दुकानातल्या मशीनवर खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराकडे पावती निघाली नाही, तरी 5 दिवस. ऑनलाइन खरेदीत पैसे गेले आणि विक्रेत्याकडे पोचल्याची खूण नाही, तरी 5 दिवस. एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर एक दिवस. त्यापुढे दररोज 100 रुपये. यूपीआयसुद्धा याच तक्त्यात आलं. ऑगस्ट 2020 मध्ये अशा फसलेल्या व्यवहारांच्या तक्रारी ऑनलाइन आणि शक्यतो माणसाच्या हस्तक्षेपाविना सोडवण्याची व्यवस्था उभी करण्याचाही आदेश निघाला.

हा बदल मोठा होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण 100 रुपयांचा दर 2009 मध्ये होता तोच 2019 मध्ये राहिला, अडकलेली रक्कम 500 असो की 10,000.

दुसरी वाट 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानं उघडली. ते फसवणुकीसाठी, म्हणजे ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. त्याचा मसुदा ऑगस्ट 2016 मध्ये आला होता. ऑक्टोबर 2016 मध्ये सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याची बातमी आली, नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि आयुष्यात कधी दुकानात कार्ड न वापरलेली माणसं रांगेत कार्ड काढू लागली. अंतिम नियम आले तेव्हा त्यांची निकड कोणाला पटवून द्यावी लागली नाही. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास शून्य. 4 ते 7 दिवसांत कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत, साध्या बचत खात्याला 10,000 रुपये. त्यापुढे बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणानुसार. कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात टाकायची, 90 दिवसांत निकाल लावायचा, आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक 14 डिसेंबर 2017 ला निघालं. नागरी सहकारी बँकांचं जाळं महाराष्ट्रात जेवढं दाट आहे तेवढं देशात क्वचितच कुठं असेल, त्यामुळे ही तारीख इथल्या ग्राहकांसाठी जुलैइतकीच महत्त्वाची.

आता ती रिकामी जागा. दुकानदारानं 545 ऐवजी 5,450 दाबले. गर्दी होती, ग्राहकानं मशीनच्या पडद्याकडे न पाहता पिन टाकला, पावती निघाली, एसएमएस आला. हा व्यवहार फसलेला नाही. तो पूर्ण झाला आहे, म्हणून 2019 चे 5 दिवस लागू नाहीत. तो संमतीशिवायही नाही. पिन ग्राहकानंच टाकला, म्हणून 2017 चे 10 दिवसही नाहीत. पेट्रोल पंपावर 'झालं नाही, पुन्हा टाका' म्हणत दोनदा पिन घेतला आणि दोन्ही व्यवहार यशस्वी ठरून दोन पावत्या निघाल्या, तरी तेच. रद्द केलेल्या मालाचे पैसे विक्रेत्यानं परत पाठवलेच नाहीत, तरी तेच. रोजच्या व्यवहारात 'बँकेनं माझे चुकून पैसे कापले' असं माणूस म्हणतो ते बहुतेकदा याच प्रकाराबद्दल, आणि नेमक्या याच प्रकाराला परिपत्रकांत स्वतःची मुदत नाही.

या प्रकारासाठी उरते ती चार्जबॅकची वाट. ग्राहक आपल्या बँकेत विवादाचा अर्ज देतो. बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत, म्हणजे व्हिसा, रुपे यांसारख्या यंत्रणेतून, दुकानदाराच्या बँकेकडे दावा पाठवते. दुकानदार पुरावा देतो किंवा देत नाही. त्यावर रक्कम परत येते किंवा दावा फेटाळला जातो. दुबार वसुली आणि चुकीची रक्कम या दोन्हींसाठी त्या जाळ्यांच्या नियमांत स्वतंत्र कारणं आहेत, मुदतीही आहेत. पण ते नियम बँकांमधले. ग्राहकाला त्या दाराशी थेट जाता येत नाही. त्याच्या बँकेनं दावा लावलाच नाही किंवा लावायला उशीर केला, तर मुदत उलटल्याचं त्याला शेवटी कळतं. 545 रुपयांचं छापील बिल हा इथला सगळ्यात भक्कम पुरावा. कार्डाची पावती फक्त किती कापले ते सांगते. किती कापायला हवे होते ते दुकानाच्या बिलावरूनच कळतं.

या जागेचं मूळ 2013 च्या एका निर्णयात आहे असं मला वाटतं. 1 डिसेंबर 2013 पासून दुकानातल्या डेबिट कार्ड व्यवहाराला पिन सक्तीचा झाला. चोरीच्या कार्डावर खरेदी करणाऱ्यांना त्यानं चाप बसला, यात शंका नाही. पण पूर्वी पावतीवर सही लागे, आणि वाद झाला की ती सही असलेली पावती दुकानदाराकडून मागवता येई. पिननंतर पावतीवर 'सही आवश्यक नाही' छापून येऊ लागलं. त्यानंतर काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरून गेला: 'पिन तुम्हीच टाकलात ना?' हो म्हटलं की चर्चा संपते. पिन टाकणं म्हणजे रक्कम मान्य करणं, हे गृहीत नकळत रुजलं. पिन फक्त एवढंच सांगतो की कार्ड वापरणारा माणूस खरा आहे. त्यानं मान्य केलेला आकडा बरोबर होता का, याबद्दल पिन काहीच सांगत नाही.

बँकांची बाजूही आहे. दुकानदार आणि ग्राहक यांच्यातला भाव-बिलाचा वाद आम्ही कसा सोडवायचा, पैसे तर आमच्याकडून निघून गेले, असं त्या म्हणतात. मुदत घातली तर खोट्या दाव्यांचा पूर येईल ही भीतीही त्या बोलून दाखवतात. त्यात तथ्य आहे. पण क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हीच अडचण असूनही नियम आहे: ग्राहकानं बिलावर हरकत घेतली तर स्पष्टीकरण आणि लागू असेल तिथं कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो, पूर्वी 60 दिवसांत आणि एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार 30 दिवसांत. डेबिट कार्डाला महिन्याचं बिलच नसतं, त्यामुळे ही तरतूद त्याच्या वाट्याला येत नाही. क्रेडिट कार्डवाल्याचे पैसे अजून त्याच्या खिशात असतात, तर डेबिट कार्डवाल्याचे गेलेले असतात. ज्याचं नुकसान आधीच झालंय त्यालाच कमी संरक्षण मिळावं, हे उलटं आहे.

अमेरिकेत हा प्रश्न 1978 च्या कायद्यानं वेगळ्या तऱ्हेनं हाताळला. तिथं 'चूक' या व्याख्येत संमतीशिवायचा व्यवहार आणि चुकीच्या रकमेचा व्यवहार एकत्रच आहेत. ग्राहकानं कळवलं की बँकेनं 10 कामकाजाच्या दिवसांत तपास संपवायचा, नाहीतर रक्कम तात्पुरती जमा करून पुढे तपास चालू ठेवायचा. आपल्याकडच्या 2017 च्या नियमांतही 10 दिवस आणि तात्पुरती जमा आहे, पण फक्त फसवणुकीपुरती.

न्यायालयांनी आजवर जोर दिला आहे तोही फसवणुकीच्या बाजूनं. 2024 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयानं एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे 76 लाख रुपये परत करायला बँकेला सांगितलं. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या बँकिंग लोकपालानं ती तक्रार आधी फेटाळली होती. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 94 हजारांच्या एका प्रकरणात बँकेची जबाबदारी कायम ठेवली. ग्राहकानं 24 तासांच्या आत कळवलं होतं, हे तिथं निर्णायक ठरलं. दोन्ही ठिकाणी आधार 2017 च्या परिपत्रकाचा होता. 545 चे 5,450 झालेला माणूस इतक्या रकमेसाठी उच्च न्यायालयात जात नाही.

त्याच्यासाठी लोकपाल. बँकिंग लोकपाल योजना 1995 पासून आहे, आणि 12 नोव्हेंबर 2021 पासून वेगवेगळ्या योजना एकत्र करून एकच दार ठेवलं गेलं. आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही की लोकपालाकडे, शुल्क नाही. नव्या योजनेत तक्रारीच्या कारणांची जुनी यादी गेली आणि 'सेवेतली त्रुटी' हा एकच निकष आला. चार्जबॅक वेळेत न लावणं ही त्रुटी म्हणून मांडता येते, आणि चुकीच्या रकमेच्या वादात आज ग्राहकाला उपलब्ध असलेला सगळ्यात चांगला युक्तिवाद हाच आहे. तक्रार 'माझे पैसे द्या' अशी लिहिण्यापेक्षा 'अमुक तारखेला अर्ज दिला, दावा कधी लावला ते कळवा' अशी लिहावी.

2021 च्या योजनेत 50 कोटींहून कमी ठेवी असलेल्या बिगरअनुसूचित, म्हणजे रिझर्व्ह बँक कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नसलेल्या, नागरी सहकारी बँका आल्या नाहीत. राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही बाहेर होत्या, म्हणजे ज्या शेतकऱ्याचं एकमेव कार्ड जिल्हा बँकेचं, त्याच्यासाठी हे दार बंद होतं. 1 नोव्हेंबर 2025 पासून राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती बँका योजनेत आल्या आहेत.