कीबोर्ड सुटणारा की स्क्रीन उलटणारी? दोन ‘टू-इन-वन’ यंत्रांतला फरक

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या संगणकाच्या दुकानात ‘टू-इन-वन’ दाखवा म्हटले, तर विक्रेता बहुधा दोन यंत्रे शेजारी-शेजारी ठेवतो. पहिल्याची स्क्रीन कीबोर्डापासून ओढून वेगळी करता येते आणि हातात स्वतंत्र टॅबलेट उरतो. दुसऱ्याची स्क्रीन सुटत नाही. ती बिजागरीवर ३६० अंशांत फिरून कीबोर्डाच्या पाठीला टेकते आणि त्या घडीलाच टॅबलेट म्हणायचे. दोन्हींना स्पर्शाची स्क्रीन असते, बहुतेकांवर पेनने लिहिता येते, प्रोसेसर आणि रॅमचे आकडेही पुष्कळदा जुळतात. त्यामुळे किंमत सोडली तर निवडण्यासारखे काही उरले नाही असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात या दोन यंत्रांची आतली मांडणी एकमेकींच्या उलट आहे आणि त्यांचे बहुतेक गुणदोष त्या मांडणीतूनच निघतात.

सुटणाऱ्या यंत्रात मदरबोर्ड, बॅटरी, साठवण असा सगळा संसार स्क्रीनच्या काचेमागे थाटलेला असतो. कीबोर्ड म्हणजे बटणांची आणि टचपॅडची एक पातळ पट्टी. उलटणाऱ्या यंत्रात हाच संसार नेहमीच्या लॅपटॉपप्रमाणे बटणांखाली असतो आणि स्क्रीन तुलनेने हलकी राहते. उदाहरणच घ्यायचे तर मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोच्या अलीकडच्या पिढ्यांत नुसता टॅबलेट सुमारे ९०० ग्रॅम भरतो आणि कीबोर्ड जोडल्यावर एकूण वजन १२०० ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे पाऊण वजन स्क्रीनच्या बाजूला असते. १४ इंची उलटणारा लॅपटॉप साधारण १४०० ते १७०० ग्रॅमचा असतो आणि त्यातला मोठा वाटा बुडाशी असतो. वर जड आणि खाली हलकी अशी वस्तू आपल्या आपण उभी राहत नाही. म्हणून सुटणाऱ्या यंत्राला पाठीमागे टेकू लागतो किंवा कीबोर्डाचा तळ मुद्दाम जड करावा लागतो, आणि तळ जड केला की हलकेपणाचा फायदा निम्मा संपतो.

ही दोन्ही रूपे एकाच सुमाराला आली. कीबोर्डाला जोडता येणारा असूसचा ट्रान्सफॉर्मर हा अँड्रॉइड टॅबलेट २०११ मध्ये आला. २०१२ च्या अखेरीस विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टचा सरफेस आणि लेनोव्होचा योगा बाजारात उतरले आणि तेव्हापासून ही विभागणी कायम आहे. मधल्या काळात दोन्हींचा मेळ घालण्याचा एक गंभीर प्रयत्न मायक्रोसॉफ्टनेच केला. २०१५ च्या सरफेस बुकमध्ये स्क्रीन सुटत होती, पण तळात जादा बॅटरी आणि काही प्रकारांत वेगळे ग्राफिक्स कार्ड ठेवून तो जड केला होता. त्यामुळे यंत्र मांडीवर लॅपटॉपसारखे बसे. मात्र स्क्रीन काढली की ग्राफिक्स कार्ड तळाबरोबर मागे राही आणि टॅबलेटमधली छोटी बॅटरी लवकर आटोपे. २०२१ मध्ये आलेल्या सरफेस लॅपटॉप स्टुडिओची स्क्रीन पुढे सरकते, पण सुटत नाही. सुटणाऱ्या यंत्राचा इतकी वर्षे पुरस्कार करणाऱ्या कंपनीने मोठ्या कामाच्या यंत्रासाठी असा निर्णय घ्यावा, हे मला पुरेसे बोलके वाटते.

टेबलाशी बसून टाइप करणाऱ्याला या दोहोंत फारसे अंतर जाणवणार नाही. अंतर पडते ते मांडीवर. टेकू उघडून कीबोर्ड पसरला की सुटणाऱ्या यंत्राला समोरून मागे फूटभर किंवा त्याहून थोडी जास्त सपाट जागा लागते. मांडी तेवढी लांब असली तरी सपाट नसते, टेकूची कड गुडघ्याच्या वर रुतते आणि बसल्या जागी जरा पाय हलवला की स्क्रीन मागे कलंडते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचे कामकाजही येथे आले. अशा कामासाठी दुरून येणाऱ्या वकिलाला एसटीत बसून मसुद्यात दुरुस्ती करायची असेल (आंबा घाटात ज्यांना स्क्रीनकडे पाहवते त्यांचीच ही गोष्ट), तर त्याला उलटणारे यंत्र घेतल्याचे समाधान मिळेल. बाकावर, जिन्याच्या पायरीवर किंवा झेरॉक्सच्या दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसून टाइप करावे लागणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे.

तोच वकील न्यायदालनात उभा राहिला, की पारडे फिरते. दोनशे पानांची पीडीएफ एका हातात धरून दुसऱ्या हाताने पाने उलटायची असतील, तर दीड किलोची घडी काही मिनिटांत मनगटाला जड होते. शिवाय घडीच्या पाठीला बटणे उघडी असतात आणि ती त्या वेळी काम करत नसली तरी बोटांखाली दबत राहतात, हे पुष्कळांना शेवटपर्यंत खटकते. सुटलेला टॅबलेट मात्र फाइलीसारखा धरता येतो. स्क्रीनचा आकारही येथे मदतीला येतो. सुटणाऱ्या यंत्रांच्या स्क्रीनची लांबी-रुंदी बऱ्याचदा ३:२ या प्रमाणात असते, आणि ए-४ कागदाचे प्रमाण १.४१:१ असल्याने पान उभे धरले की कडेला फार जागा वाया जात नाही. हिशेब केला तर १३ इंची ३:२ स्क्रीनवर ए-४ पान मूळ रुंदीच्या सुमारे ८७ टक्के दिसते, तर १४ इंची १६:९ स्क्रीन उभी धरल्यास ते सुमारे ८३ टक्के दिसते आणि वरखाली काळ्या पट्ट्या उरतात. म्हणजे इंचांनी लहान असलेली स्क्रीन कागदपत्रांसाठी मोठी ठरते. ग्राहक पेटीवरचे इंच पाहतो. वाचनासाठी घ्यायचे असेल तर हे प्रमाण आधी पाहावे.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखानदारांनी आणखी एक बाब लक्षात घ्यायला हवी, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. सुटणाऱ्या यंत्राचा कीबोर्ड चुंबकाने चिकटतो. स्क्रीनच्या खालच्या कडेला चुंबकांची रांग असते आणि त्यांच्यामध्ये वीज व संदेश पोहोचवणाऱ्या धातूच्या बारीक टाचण्या असतात. फौंड्रीच्या शेडमध्ये, विशेषतः फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) ग्राइंडरजवळ, लोखंडाचा बारीक भुगा हवेत उडत असतो. कास्टिंगचे ड्रॉइंग दाखवायला टॅबलेट कीबोर्डाविना नेला आणि जॉबशेजारी ठेवला, की थोड्याच वेळात त्या कडेला काळ्या भुग्याची दाढी उगवते. तशीच कड कीबोर्डात बसवली तर टाचण्यांचा संपर्क नीट होत नाही, मधूनच कीबोर्ड ओळखला जात नाही आणि दोष सॉफ्टवेअरचा आहे असे समजून माणूस यंत्र पुन्हा-पुन्हा सुरू करत राहतो. कापडाने पुसल्यास भुगा फक्त इकडून तिकडे सरकतो. चिकटपट्टी दाबून उचलल्यास तो निघतो. अशा जागी कडा पूर्ण झाकणारे रबरी कव्हर आधी घ्यावे आणि यंत्र नंतर. उलटणाऱ्या लॅपटॉपातही झाकण बंद झाल्याचे ओळखण्यासाठी चुंबक असतात, पण त्यांच्याजवळ उघडे विद्युतसंपर्क नसतात. त्याचा त्रास वेगळा आहे: पंखा हवा आत ओढतो आणि हवेबरोबर शेडमधली धूळही. पंखा नसलेला टॅबलेट या बाबतीत सरस ठरतो. एकूण पाहता, शेडमध्ये केवळ ड्रॉइंग दाखवायचे असेल तर कव्हरमधला टॅबलेट, आणि ड्रॉइंग तिथेच बदलायचे असेल तर लॅपटॉप, असे माझे मत आहे.

ड्रॉइंग बदलण्याचा विषय निघाला की उष्णता येतेच. लॅपटॉपच्या तळात पंखा आणि तांब्याच्या नळ्यांना जागा मिळते. टॅबलेटमध्ये ही सगळी उष्णता काचेच्या आणि आपल्या तळव्याच्या मध्ये अडकते. त्यामुळे दोन्हींत एकाच नावाचा प्रोसेसर असला तरी सुटणाऱ्या यंत्रात तो काही मिनिटांच्या जड कामानंतर स्वतःचा वेग कमी करतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर होते. पत्र, तक्ते, व्हिडिओ कॉल यांत हे कळतही नाही. ऑटोकॅडमधली मोठी फाइल किंवा त्रिमितीय प्रतिकृती उघडली की कळते. बॅटरीचेही तसेच आहे: टॅबलेटमध्ये साधारण ४० ते ५५ वॉट-तासांची, तर उलटणाऱ्या लॅपटॉपात ५० ते ७५ वॉट-तासांची बॅटरी बसते.

यापेक्षाही मोठा घोटाळा सॉफ्टवेअरचा आहे, कारण सुटणारी यंत्रे चार वेगवेगळ्या प्रणालींवर मिळतात आणि उलटणारी बहुतेक विंडोज किंवा गुगलच्या क्रोम ओएसवर. कीबोर्ड जोडलेला आयपॅड दिसायला लॅपटॉप दिसतो, २०२० पासून त्याला टचपॅडही मिळाला आहे, पण त्यावर टॅली प्राइम बसवता येत नाही. अँड्रॉइड टॅबलेटवर किंवा क्रोमबुकवरही नाही. गूळ मार्केटमधल्या अडत्याचा हिशेब टॅलीवर असेल, तर त्याच्यासाठी ही तीनही यंत्रे फारतर दुसरी सोबत ठरतात. विंडोजवाल्या सुटणाऱ्या यंत्रांतही आता मोबाइलमध्ये असतात तसे एआरएम जातीचे प्रोसेसर आले आहेत. नेहमीची बहुतेक विंडोज सॉफ्टवेअर त्यांवर भाषांतराच्या थरातून चालतात, पण ड्रायव्हर (जोडलेले उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) तसा चालत नाही. तो त्या जातीसाठी मुद्दाम बनवलेला असावा लागतो. जीएसटी किंवा न्यायालयीन कामासाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी, जुना प्रिंटर असणाऱ्यांनी आणि डोंगल (परवान्याची छोटी कळ) लावून चालणारे जुने मराठी टंकन सॉफ्टवेअर अजून सांभाळणाऱ्या छापखान्यांनी हे विकत घेण्यापूर्वीच तपासावे. याच जातीचा प्रोसेसर असलेल्या २०१२ च्या सरफेस आरटीचे असेच झाले होते. रूप विंडोजचे, पण जुनी सॉफ्टवेअर चालेनात. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला त्या मालापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला.

पेनाबद्दल दुकानात फार बोलले जाते, पण त्याची गुणवत्ता बिजागरीवर ठरत नाही. दोन्ही जातींत चांगली आणि सुमार पेने आहेत, आणि पेन पेटीत आहे की वेगळे घ्यायचे एवढे विचारले तरी पुरे.

उन्हातल्या वापराबद्दल मात्र विचारावे. साखर कारखान्याच्या चिटबॉयला बांधावर उभे राहून उसाची नोंद घ्यायची असेल, तर २५० ते ३०० निट्सची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) स्क्रीन दुपारी आरशासारखी होते. ५०० निट्सच्या वर गेल्यास आकडे वाचता येतात, आणि हा आकडा स्वस्त यंत्रांत, मग ती सुटणारी असोत की उलटणारी, सहसा आढळत नाही. अशा कामाला खरे तर यातले कोणतेच यंत्र नको. साधा टॅबलेट किंवा मोठा मोबाइल पुरतो.

दुरुस्तीच्या बाबतीत दोघांचीही बाजू लंगडी आहे, पण पाय वेगळे आहेत. सुटणाऱ्या यंत्राच्या कीबोर्डावर चहा सांडला तर नवा कीबोर्ड घेऊन काम भागते. उलटणाऱ्यात तोच चहा मदरबोर्डापर्यंत झिरपतो. याउलट सुटणारा टॅबलेट हातातून पडला की काच, बॅटरी आणि मदरबोर्ड एकाच वेळी पडतात, आणि आतली बॅटरी बदलायची असेल तर पुष्कळ मॉडेलांत चिकटवलेली काच तापवून उचलावी लागते, जे काम करताना काच तडकण्याची धास्ती कारागिरालाही असते. उलटणाऱ्याचा तळ स्क्रू काढून उघडता येतो, बॅटरी बदलता येते आणि बऱ्याच वेळा साठवणही वाढवता येते. त्याचा झिजणारा भाग म्हणजे बिजागरी. ती सैल झाली, किंवा तिच्यातून जाणारी स्क्रीनची केबल दुमडून तुटली, तर खर्च येतो.

अभियांत्रिकीच्या किंवा विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने पालकांच्या पैशाने एकच यंत्र घ्यायचे असेल आणि त्यावर चार वर्षे प्रकल्प-अहवाल लिहायचे असतील, तर मी उलटणाऱ्याच्या बाजूने झुकेन. किंबहुना न उलटणारा साधा लॅपटॉप आणि वाचायला वेगळा स्वस्त टॅबलेट ही जोडी पुष्कळदा दोन्ही ‘टू-इन-वन’पेक्षा कमी पैशांत जास्त काम देते. सुटणारे यंत्र त्याच्यासाठी, ज्याचे वाचन, टिपणे आणि सह्या हे मुख्य काम आहे, टायपिंग टेबलाशी होते आणि खांद्यावरच्या पिशवीचे वजन ज्याला रोज मोजावे लागते: वकील, वैद्यकीय प्रतिनिधी, तपासणीला फिरणारा अधिकारी, व्याख्यान देणारा प्राध्यापक.

सुटणारेच घ्यायचे ठरले, तर जाहिरातीतल्या किमतीत कीबोर्ड धरला आहे का हे आधी विचारावे, कारण चित्रात तो जोडलेला दिसतो आणि अनेक मॉडेलांत तो वेगळा विकला जातो. नामांकित कंपनीचा कीबोर्ड दहा हजार रुपयांच्या पुढे जाऊ शकतो. दुकानात यंत्र टेबलावर न पाहता खुर्चीत बसून मांडीवर घ्यावे आणि मराठीत एक परिच्छेद टाइप करून पाहावा. आणि पैसे देताना कीबोर्ड व पेन यांची नोंद बिलावर यंत्रापासून वेगळी, त्यांच्या अनुक्रमांकासह करून घ्यावी, कारण जोडसामानाची वॉरंटी मुख्य यंत्राइतक्या मुदतीची असेलच असे नाही.